घाट चढून गेलेले कागद

इंडियन लॉ रिपोर्ट्सच्या मुंबई मालिकेचे साधारण अठरा ते पंचवीस हे खंड एखाद्या जुन्या वकिलाच्या घरी काचेच्या कपाटात अजूनही दिसतात. पाठीवरची सोनेरी अक्षरे पुसट झालेली असतात, आणि कोणी ते सहसा उघडत नाही. महादेव गोविंद रानडे यांच्या मुंबई उच्च न्यायालयातल्या कारकिर्दीचा छापील पुरावा तो एवढाच. त्याच न्यायालयाचे न्यायाधीश तेलंग १ सप्टेंबर १८९३ रोजी गेले, त्यांच्या रिकाम्या जागी त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात रानडे बसले आणि १६ जानेवारी १९०१ रोजी, एकोणसाठावा वाढदिवस दोन दिवसांवर असताना, वारले. सात वर्षे आणि वर थोडे दिवस. या सात वर्षांमुळे पुढची निदान दोन पिढ्या मराठीत नुसते ‘न्यायमूर्ती’ म्हटले की दुसऱ्या कोणाचे नाव घ्यावे लागले नाही, जसे ‘लोकमान्य’ म्हटल्यावर लागले नाही. पण ज्या पदामुळे हे विशेषण चिकटले, त्या पदावरचा माणूस विचार कसा करीत होता, हे या खंडांतून फारसे कळत नाही. तिथे वादाचा मुद्दा असतो, आधीच्या निर्णयांचे दाखले असतात, निष्कर्ष असतो. कोणते वाक्य आधी लिहून खोडले, कोणत्या पक्षकाराची कैफियत वाचताना मन द्विधा झाले, शेजारी बसलेल्या इंग्रज न्यायाधीशाशी कुठे पटले नाही आणि कुठे नमते घेतले, यातले काही तिथे नाही. ते तिथे असायचेही नसते.

न्यायाधीशाच्या मागे कागदांचे दोन ढीग उरतात. पहिला कायद्याने राखायचा: निकाल, हुकूमनामे, छापलेले अहवाल. दुसरा राखण्याची जबाबदारी कोणावरच नसते: पत्रे, टिपणे, मसुदे, समासातले शेरे, फिरतीच्या नोंदी. रानड्यांच्या बाबतीत पहिला ढीग बराचसा शाबूत आहे आणि दुसरा जवळजवळ नाही. त्यांचे शिष्य गोखले यांचे कागद आज दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. त्या तोडीचे, एका ठिकाणी लागलेले रानड्यांचे खासगी दप्तर मात्र अभ्यासकांच्या हाती आलेले नाही. मला म्हणायचे आहे ते असे: हा दुसरा ढीग नसल्यामुळे आपण पहिलाही चुकीचा वाचतो. रानड्यांना आपण उच्च न्यायालयाचे न्यायाधीश म्हणून ओळखतो, पण त्यांची घडण झाली ती त्याआधीच्या बावीस वर्षांत. ती वर्षे लॉ रिपोर्ट्समध्ये नाहीत, कारण खालच्या न्यायालयांचे निकाल तिथे छापत नसत.

ही बावीस वर्षे डोळ्यांसमोर आणायला हवीत. १८७१ च्या अखेरीस रानडे पुण्यात पहिल्या वर्गाचे दुय्यम न्यायाधीश झाले. मग नाशिक, मग धुळे, थोडे दिवस मुंबईत दंडाधिकारी, पुन्हा पुणे, लघुवाद न्यायालय. १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांना सावकारीतून सोडवण्यासाठी कायदा झाला. पुणे, सातारा, नगर आणि सोलापूर हे चार जिल्हे त्याखाली आले. या कायद्याने न्यायाधीशाला कर्जखताच्या मागे जाण्याची मुभा दिली. कागदावर तीनशे रुपये लिहिले म्हणून तीनशेच मान्य करायचे नाहीत. मुळात किती दिले, व्याज कितीदा मुद्दलात मिसळले, हे उकरून काढायचे. छोट्या दाव्यांत अपील ठेवलेच नव्हते. त्याऐवजी विशेष न्यायाधीशाने खालच्या न्यायालयांत आणि गावमुन्सफांकडे जाऊन कागद तपासायचे, चूक दिसली तर दुरुस्त करायची. म्हणजे कागद तपासणे हेच गरिबाचे अपील होते. १८८१ पासून या ना त्या नात्याने रानडे या कामात होते आणि १८८७ मध्ये ते स्वतः विशेष न्यायाधीश झाले. राहुटी, बैलगाडी, तालुक्याची कचेरी, तिथल्या कारकुनाने काढून ठेवलेले दाव्यांचे गठ्ठे: त्यांच्या आयुष्यातली सर्वांत कसदार वर्षे अशी गेली. रानड्यांचे काम दुसऱ्यांचे कागद वाचण्याचे होते. त्यांचे अर्थशास्त्र याच वाचनातून निघाले असावे असे मला ठामपणे वाटते. १८९२ मध्ये डेक्कन कॉलेजात हिंदी अर्थशास्त्रावर बोलताना त्यांनी विलायती सिद्धांत जसेच्या तसे इथे लागू पडत नाहीत असे मांडले. करार करणारे दोघे समान आणि स्वतंत्र असतात, या गृहीतावर ज्याने चार जिल्ह्यांतली कर्जखते उलगडून पाहिली आहेत त्याचा विश्वास बसणे अवघडच. पण हा दुवा मी अनुमानाने जोडतो आहे. कोणत्या गावच्या कोणत्या खताने त्यांना हा विचार सुचवला, हे सांगणारी टिपणवही असती तर अनुमानाची गरज पडली नसती.

यावर कोणीही मुरलेला वकील म्हणेल, न्यायाधीशाने निकालातूनच बोलावे. उरलेले त्याचे मन, आणि मनाचा पंचनामा करण्याचे कारण नाही. आक्षेप वजनदार आहे. निकालाला अधिकार येतो तो त्यात लिहिलेल्या कारणांमुळे. लिहिणाऱ्याच्या मनःस्थितीवर तो अवलंबून नसतो, आणि नसावा. पण हा नियम पक्षकारांसाठी आहे. इतिहासकाराला आणि कायद्याच्या विद्यार्थ्याला तो बांधत नाही. शिवाय छापील निकाल म्हणजे सगळे निकाल नव्हेत. ज्यात कायद्याचा नवा मुद्दा असेल तो अहवालात येतो. ज्यात नुसते एका विधवेचे पोट किंवा एका कुळाची जमीन असेल तो येत नाही. जो येतो त्यातही हकिकत चार ओळींत आटपलेली असते. तेव्हा ‘निकालातून बोलावे’ याचा व्यवहारातला अर्थ ‘अहवालाच्या संपादकाला जे महत्त्वाचे वाटले तेवढ्यातून बोलावे’ असा होतो.

दप्तर का उरले नाही, याची कारणे शोधायला लांब जायला नको. १८७९ च्या मे महिन्यात पुण्यात बुधवारवाडा आणि विश्रामबागवाडा यांना आग लागली. वासुदेव बळवंत फडक्यांच्या बंडाने सरकार आधीच बिथरले होते. रानडे सुटीसाठी पुण्यात होते. त्यांना तडकाफडकी धुळ्याला धाडले. तिथे त्यांचे टपाल फोडून पाहिले जाई. बंडखोरांच्या नावाने मुद्दाम पत्रे येत, आणि रानडे ती तशीच पोलिसांकडे पाठवून देत, असे त्यांच्या पत्नी रमाबाईंनी पुढे लिहून ठेवले. त्याच वर्षी फडक्यांवर पुण्यात खटला चालला आणि त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलेली रोजनिशी त्यांच्याविरुद्ध पुरावा म्हणून उभी राहिली. माणसाचा खासगी कागद न्यायालयात कसा बोलतो, हे एका न्यायाधीशाला याहून स्वच्छ कोणी दाखवून दिले नसते. त्यानंतर रानड्यांनी पत्रे जपून ठेवली असती तरच नवल. दुसरे कारण नोकरीचे. सार्वजनिक सभेचे त्रैमासिक १८७८ मध्ये निघाले, त्यातले कितीतरी लेख त्यांचे. पण सरकारी नोकर म्हणून त्यांनी त्यावर नाव घातले नाही. तेव्हा कोणता लेख त्यांचा, हे ठरवायला अभ्यासकांना शैलीचा वास घेत फिरावे लागते. तिसरे कारण देहाचे. विद्यार्थिदशेपासून डोळे अधू होते. वाचायचे ते पुष्कळदा दुसऱ्याकडून वाचून घ्यायचे, लिहायचे ते सांगून लिहवून घ्यायचे. अशा माणसाचा विचार कागदावर उतरतो तो परक्या हस्ताक्षरात, आणि परक्या हस्ताक्षरातला निनावी कागद घरात कोणी फार दिवस जपत नाही.

म्हणून रानड्यांचे खरे दप्तर म्हणजे रमाबाई. १९१० मध्ये त्यांच्या आठवणींचे पुस्तक आले, १९१५ मध्ये रानड्यांचे विखुरलेले इंग्रजी लेखन त्यांनी एका खंडात छापवून घेतले. या दोन गोष्टी झाल्या नसत्या तर न. र. फाटकांच्या १९२४ च्या चरित्रापासून पुढच्या सगळ्यांची पंचाईत झाली असती. यावर शंका येईल की पत्नीने, तेही त्या काळातल्या पत्नीने, पतीबद्दल लिहिलेले भक्तिभावाचेच असणार. त्याला पुरावा म्हणायचे का? भक्तिभाव आहेच, पानोपानी आहे. पण भक्ताने जे झाकले असते ते रमाबाईंनी झाकलेले नाही. विधवाविवाहाचा पुरस्कार करणाऱ्या एकतीस वर्षांच्या विधुर रानड्यांनी १८७३ मध्ये वडिलांच्या आग्रहापुढे मान तुकवून अकरा वर्षांच्या मुलीशी लग्न केले. ती मुलगी म्हणजे स्वतः रमाबाई, आणि त्या लग्नाची हकिकत त्यांनीच सांगितली आहे. पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये चहा घेतल्याबद्दलचे प्रायश्चित्त, घरातल्या बायकांचे टोमणे, इंग्रजी शिकण्यावरून झालेली भांडणे, हे सगळे तिथे आहे. गौरवग्रंथ लिहिणाऱ्या एखाद्या मुत्सद्द्याने यातले निम्मे गाळले असते. साक्षीदार हितसंबंधी असला म्हणून त्याची साक्ष बाद होत नाही, ती तोलून घ्यायची असते. हे तर कोणत्याही मुन्सफाला ठाऊक असते. मात्र रमाबाई ज्या खोलीत नव्हत्या तिथले त्या सांगू शकत नाहीत, आणि न्यायाधीशाचे काम नेमके त्याच खोलीत चालते.

यात एक विलक्षण विसंगती आहे. ज्याच्या मागे दप्तर उरले नाही, तोच माणूस दुसऱ्यांची दप्तरे उघडावीत म्हणून सरकारच्या मागे लागला होता. पुण्याचे पेशवे दप्तर तेव्हा बाहेरच्यांना बंद होते. गणेश चिमणाजी वाड यांनी त्यातल्या रोजनिश्यांतून जे उतारे निवडले, त्यांवर रानड्यांनी १९०० साली, म्हणजे मृत्यूच्या उंबरठ्यावर, एक विस्तृत निबंध रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेसाठी लिहिला. त्यातला मुद्दा साधा होता: बखरी आणि इंग्रजांचे इतिहास लढायांचे आणि तहांचे असतात, दप्तरात लोक दिसतात. वसूल कसा होई, शिक्षा काय होत, कोणाला कशाची दक्षिणा मिळे, विधवेची, दासीची, गुन्हेगाराची सरकारदरबारी काय गत होती. न्यायाची पद्धतही त्यात आली. करीना, तकरीर, जामीन, महजर, निवाडपत्र. जिंकणाऱ्याने हरकी भरायची, हरणाऱ्याने गुन्हेगारी. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या न्यायाधीशांकडे रानडे कागदांतून पाहत होते. आपल्याकडेही पुढे कोणी असेच पाहील, हे त्यांच्या मनात आले असेल की नाही? आले असेल असे वाटते. सुटीवर असताना धुळ्याची वाट दाखवलेला माणूस एवढा भाबडा नसतो.

हे सारे रत्नागिरीत बसून पाहिले की त्याला आणखी एक बाजू फुटते. रानड्यांचे घराणे मूळचे चिपळूणकडचे; घाट चढून ते पंढरपूरच्या बाजूला गेले, रानड्यांचा जन्म झाला निफाडला. नाना फडणिसांचे भानू घराणे वेळासचे. नानांचे दप्तर मात्र वाईजवळच्या मेणवलीचे म्हणून ओळखले जाते. गोखले गुहागरातल्या कोतळूकचे. त्यांचे कागद दिल्लीला. पांडुरंग वामन काणे चिपळूणजवळच्या पेढ्याचे, १९०४ ते १९०७ रत्नागिरीच्या शाळेत मास्तर होते. पुढे उच्च न्यायालयात वकिली करता करता त्यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासाचे साडेसहा हजार पानांहून मोठे काम पाच खंडांत केले, पण ते मुंबईत बसून. टिळकांचा जन्म इथलाच, १८५६ चा. त्यांच्यावरच्या १८९७ आणि १९०८ च्या खटल्यांचे कागद मुंबईचे. १९५६ मध्ये, जन्मशताब्दीच्या वर्षी, ज्या दालनात त्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली त्याच्याबाहेर मुख्य न्यायमूर्ती छागलांनी टिळकांच्या उद्गारांचा फलक लावला, तोही मुंबईतच. माणसे घाट चढून गेली आणि कागद त्यांच्या पाठोपाठ गेले. इथे उरले जन्मस्थान, पुतळा, रस्त्याचे नाव. मला याचे दुःख वाटते असे नाही. कागद जिथे वाचला जातो तिथे तो असावा, आणि रत्नागिरीत १८२८ पासून वाचनालय असले तरी संशोधकाला दिल्ली-पुणे सोयीचे, हे खरेच आहे. पण गेलेल्यांच्या कागदांबद्दल हळहळताना राहिलेल्यांच्या कागदांकडे पाठ फिरते, ते खटकते. त्याकडे पुढे येतो. आधी एका मोठ्या आक्षेपाला उत्तर देणे भाग आहे.

न्यायाधीशांचे खासगी कागद खुले केले तर न्यायदालनातली मोकळी चर्चाच बंद पडेल, असा तो आक्षेप. अमेरिकेत त्यावर चांगलीच खडाजंगी झाली. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाचे थरगूड मार्शल जानेवारी १९९३ मध्ये वारले आणि त्याच वर्षीच्या मे महिन्यात काँग्रेसच्या ग्रंथालयाने त्यांचे कागद वाचकांना दिले. ज्यांच्याबद्दल त्यात लिहिले होते ते सहकारी अजून पदावर होते. मुख्य न्यायाधीश रेन्क्विस्ट यांनी उघड संताप व्यक्त केला. त्याआधी १९७१ मध्ये ह्यूगो ब्लॅक यांनी मरणापूर्वी आपली चर्चेची टिपणे जाळून टाकण्याची व्यवस्था केली होती. आणि हॅरी ब्लॅकमन यांनी मधला मार्ग काढला: मृत्यूनंतर पाच वर्षांनी, २००४ मध्ये, त्यांचे लाखो कागद खुले झाले आणि कोणाचे आकाश कोसळले नाही. तेव्हा प्रश्न ठेवावे की जाळावे असा नाही, किती वर्षे कुलूप लावावे एवढाच आहे. रमाबाईंनीही नकळत नऊ वर्षांचे कुलूप लावलेच होते. आपल्याकडे मात्र अशी रीत पडली नाही. गजेंद्रगडकरांनी, छागलांनी आत्मचरित्रे लिहिली, म्हणजे स्वतःच निवडलेले तेवढे दिले. सर्वोच्च न्यायालयातल्या हालचालींची आतली बाजू पुष्कळांना कळली ती जॉर्ज गॅडबॉय या अमेरिकी प्राध्यापकाने १९८० च्या दशकात न्यायाधीशांशी बोलून केलेल्या टिपणांतून, आणि त्या टिपणांवर अभिनव चंद्रचूड यांचे पुस्तक यायला २०१८ उजाडले. आपल्या न्यायाधीशांच्या मनातले आपल्याला परदेशी पाहुण्याच्या वहीतून समजावे, ही गोष्ट अभिमानाची नाही.

आता राहिलेल्यांचे कागद. थोरांचे दप्तर जपण्याचा हा हट्ट वरच्या जातींच्या, लिहित्या घरांच्या सोयीचा आहे, असे कोणी म्हणेल, आणि ते म्हणणे मला खोडता येत नाही. १८ जानेवारी १९४३ रोजी पुण्यात रानड्यांच्या जयंतीच्या व्याख्यानात आंबेडकरांनी रानड्यांची थोरवी मान्य केली आणि त्याच भाषणात विभूतिपूजेवर कोरडेही ओढले. मंडणगडातल्या आंबडव्याशी मुळे असलेल्या या माणसाने त्याआधी सहा वर्षे, १९३७ मध्ये, मुंबईच्या विधिमंडळात खोती, म्हणजे गावचा वसूल खोतांच्या हाती ठेवणारी पद्धत, नष्ट करण्याचे विधेयक मांडले होते. खोती कायद्याने गेली ती १९४९ मध्ये. रत्नागिरीच्या न्यायालयांत त्याआधीची सत्तर-ऐंशी वर्षे खोत आणि कुळे यांचे दावे चालले. १८८० च्या खोती कायद्यानंतर बोटखतातली, म्हणजे जमिनीच्या सरकारी हक्कपत्रकातली, नोंद कोणाच्या बाजूची, यावर ते घुटमळत. धारेकरी कोण, दुपटकरी कोण, अर्धेली कोणाची, नारळीच्या झाडावर हक्क कोणाचा. या दाव्यांत कुणबी आणि महार कुळांच्या जबान्या आहेत. ज्यांच्या घरी पत्र नाही, रोजनिशी नाही, आठवणी लिहिणारी पत्नी नाही, त्यांचा आवाज कोण्या कारकुनाच्या मराठीत का होईना, इथेच उमटला. रानड्यांना पेशवे दप्तरात जे लोक दिसले तेच इथे आहेत, फक्त दीडशे वर्षांनी अलीकडचे. एका न्यायाधीशाचे दप्तर हरवले तर त्याच्या बाजूने निदान चार पुस्तके बोलतात. या जबान्या गेल्या तर बोलायला कोणी उरत नाही.

त्या जाव्यात अशी तरतूदही आहे. १९१७ च्या अभिलेख नष्ट करण्याच्या कायद्याने उच्च न्यायालयांना नियम करण्याचा अधिकार दिला. त्यानुसार न्यायालयीन कागदांची वर्गवारी होते: काही कायम ठेवायचे, काही ठरलेल्या वर्षांनी निकालात काढायचे. ढोबळपणे हुकूमनामा राहतो, जबानी जाते. कारकुनाच्या दृष्टीने हे योग्यच आहे. जागा अपुरी, कपाटे गच्च, आणि कायद्याच्या कामासाठी हुकूमनामाच लागतो. इतिहासाच्या दृष्टीने मात्र क्रम नेमका उलटा लागतो. सगळे ठेवा असे मी म्हणत नाही, ते शक्य नाही. पण एखाद्या जिल्ह्याच्या खोतीच्या दाव्यांपुरते, नष्ट करण्याआधी कोणी मोडी वाचणाऱ्याने आणि कोणी इतिहासाच्या माणसाने त्या गठ्ठ्यांवरून नजर फिरवावी, एवढे मागणे फार नाही.

कोकणच्या दमट हवेत कागद टिकत नाही, ही सबब नेहमी पुढे येते. ती अर्धीच खरी आहे. जुन्या घरांत रुमालात बांधून, वेखंडाचे तुकडे घालून ठेवलेले मोडी कागद अजून शाबूत मिळतात, कारण तो कागद हाताने केलेला आणि शाई काजळाची. काजळ कागदाला खात नाही. इंग्रजी अमलात गिरणीचा लगद्याचा कागद आला आणि लोहाची शाई आली. लगद्याचा कागद आपल्याच आम्लाने पिवळा पडून तुटतो, ती शाई अक्षराच्या जागी भोके पाडते. त्यामुळे नानांच्या काळचा महजर, ज्यावर पाटलाचा नांगर आणि न्हाव्याचा आरसा निशाणी म्हणून काढलेला असतो, तो रानड्यांच्या काळच्या जबानीपेक्षा जास्त दिवस जगतो. १८८० नंतरच्या खोतीच्या गठ्ठ्याची दोरी आज सोडली, तर वरचा कागद घडीवर मोडतो. तिथे आधी कुळाची निशाणी असते, मग ‘हातची’ एवढे अक्षर, आणि त्याखाली मुन्सफाची सही.